हवी तिथं हवा

कोल्हापुरात गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हैस समोर उभी करून धारोष्ण दूध काढून देतात. संध्याकाळची वेळ, कट्ट्यावर गर्दी, आणि मी नेमकी तिथंच गाडी फिरवायला घेतली. स्टेअरिंग उजवीकडं पुरतं वळवलं, तसा बॉनेटच्या आतून आवाज आला, 'हंऽऽऽम्म'. लांबलचक, दुःखी आणि थोडासा लाडिक. कट्ट्यावरच्या एका म्हशीनं रवंथ थांबवला, मान वळवली आणि त्याच पट्टीत उत्तर दिलं. मी घाबरून स्टेअरिंग डावीकडं फिरवलं. गाडी पुन्हा हंबरली. म्हैसही. धार काढणारा गवळी उठला, बॉनेटवर हात ठेवला आणि अनुभवी सुरात म्हणाला, "पावणं, माजावर आलीया. आता उगं फिरवू नगा हिला."

गाडीचं हे पहिलं निदान. पुढं जी ऐकली त्यांच्या मानानं ते बरंच शास्त्रीय होतं, कारण या माणसानं निदान बॉनेटला हात तरी लावला होता.

गाडी २००८ सालची, डिझेलची, सात माणसं बसणारी. हंबरण्याच्या जोडीला तिचं स्टेअरिंगही जड झालं होतं. जड स्टेअरिंग आमच्या पिढीला नवं नाही. आमच्या आण्णांच्या फियाटमध्ये पॉवर आण्णांची आणि स्टेअरिंग गाडीचं, अशी सरळ वाटणी होती. उभ्या गाडीचं चाक वळवणं म्हणजे विहिरीतून भरलेली घागर ओढणं. आंबा घाटात एसटीचा ड्रायव्हर वळणावर सीटवरून अर्धा उठायचा, सगळं अंग चाकावर टाकायचा आणि वळण संपलं की धपकन बसायचा. त्याच्याबरोबर आम्हीही रोखलेला श्वास सोडायचो. त्या गाड्यांचं स्टेअरिंग परातीएवढं असायचं ते काही थाटासाठी नव्हे. चाक जेवढं मोठं तेवढा जोर कमी, हा तरफेचा साधा हिशेब. पुढं पॉवर स्टेअरिंग आलं. मी सोळा वर्षं एका बोटानं गाडी वळवली आणि त्या बोटामागं कोण राबतंय, याची एकदाही चौकशी केली नाही.

आता गाडी हंबरायला लागल्यावर चौकशी करणारे पुष्कळ निघाले. आमच्या अपार्टमेंटमध्ये कुणाची गाडी बिघडली की पार्किंगमध्ये आपोआप बैठक बसते. तालमीतले वस्ताद म्हणाले, "पॉवर गाडीत न्हाई, मनगटात पायजे. रोज शंभर जोर मारा, स्टेरिंग आपोआप हलकं हुतंय." बँकेतून निवृत्त झालेले शेजारी म्हणाले, "विकून टाका. आजच. उद्या तेवढेही येणार नाहीत." पाटबंधारे खात्यातल्या साहेबांनी बॉनेटकडं लांबूनच बघितलं आणि सांगितलं, "गळती आहे. कुठं आहे ते विचारू नका, पण आहे. आम्ही तर गळती हिशेबात धरूनच पाणी सोडायचो."

शेवटी तळमजल्यावरचे होमिओपॅथ डॉक्टर आले. त्यांनी खिशातून कागद काढला आणि विचारलं, "त्रास केव्हा वाढतो? सकाळी की संध्याकाळी? थंडीत की उन्हात? डाव्या कुशीवर जास्त की उजव्या?" सगळे हसले. मीही हसलो, पण उत्तरं द्यावी लागली. आवाज सकाळी गाडी गार असताना जास्त. सरळ जाताना कमी, वळवताना जास्त. डावीउजवीकडं अगदी सारखा. इंजिन रेस केलं की आवाजाची पट्टीही चढते. डॉक्टरांनी हे सगळं टिपून घेतलं, कागदाची घडी करून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "औषध माझ्याकडं नाही. पण केस पेपर जपून ठेवा."

मी तो खिशात ठेवला आणि विसरलो. मोठ्या काचेच्या सर्व्हिस सेंटरात गेलो. तिथं टाय लावलेल्या मुलानं आधी कॉफी विचारली. गॅरेजमध्ये कॉफी फुकट मिळाली की बिल कुठल्या पट्टीतलं असणार ते कळतं. गाडी आत गेली, वीस मिनिटांनी बाहेर आली, आणि तो मुलगा अत्यंत हळव्या आवाजात म्हणाला, "सर, रॅक असेंब्ली बदलावी लागेल. शिवाय पंप. एक्केचाळीस हजारांपर्यंत जाईल. सेफ्टीचा प्रश्न आहे, सर." मी विचारलं, "बॉनेट उघडून बघितलंत का?" तो म्हणाला, "सर, सिस्टिममध्ये तसं येतंय." बॉनेटवरची धूळ आणि त्या धुळीतला गवळ्याचा पंजा जसाच्या तसा होता.

एक्केचाळीस हजारांचा आकडा ऐकला की माणूस एक तर देवळात जातो, नाही तर वाचायला बसतो. मी वाचायला बसलो. फ्रान्सिस डेव्हिस नावाचा अमेरिकन इंजिनिअर पिअर्स-ॲरो या मोटार कंपनीच्या ट्रक विभागात होता. अवजड ट्रक वळवताना माणसांची होणारी दमछाक त्यानं बघितली, नोकरी सोडली, मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थमला स्वतःचं छोटं वर्कशॉप घातलं आणि १९२६ साली तेलाच्या दाबावर चालणारं पॉवर स्टेअरिंग गाडीत बसवून दाखवलं. जनरल मोटर्सला ते आवडलं, पण खर्चाचा हिशेब केला, त्यात मंदी आली, आणि त्यांनी नाद सोडला. सामान्य गिऱ्हाइकाला विकत मिळणाऱ्या मोटारीत ते आलं १९५१ साली, क्रायस्लर इंपीरिअलमध्ये. लोकांना एका बोटानं गाडी वळवता यावी म्हणून एक माणूस पंचवीस वर्षं थांबला. आणि मला सोळा वर्षांत तेलाच्या एका डबीचं झाकण फिरवायला सवड झाली नव्हती.

रचना मात्र समजायला अवघड नाही. इंजिनाच्या पट्ट्यावर एक पंप फिरतो. त्याच्याजवळ तेलाची डबी. पंप डबीतलं तेल ओढतो आणि दाबून जाड नळीतून खाली रॅककडं पाठवतो. आपण स्टेअरिंग फिरवलं की त्याच्या दांड्याखालची एक बारीक सळई किंचित पिळते. तेवढ्या पिळानं व्हॉल्व्ह उघडतो, तेल दट्ट्याच्या डाव्या किंवा उजव्या अंगाला शिरतं, दट्ट्या सरकतो आणि चाकं वळतात. काम झालं की तेल पुन्हा डबीत. टायरात आपण तीस-बत्तीस पौंड हवा भरतो. त्या जाड नळीत पुरत्या वळणावर तेलाचा दाब हजार पौंडांच्या वर जातो. म्हणून इंजिन चालू असताना नळ्यांवरून बोट फिरवून गळती शोधायची नसते. आणि हा सगळा कारभार चालतो जेमतेम लिटरभर तेलावर.

एवढं कळल्यावर मला वाटलं, आता आपल्याला सगळं कळलं. मी तेल आणायला गेलो. दुकानदारानं ब्रेक ऑइल पुढं केलं. म्हणाला, "ह्येच टाका, तेल ते तेल." हा सल्ला ऐकला असता तर एक्केचाळीस हजार खरोखरच लागले असते. ब्रेक ऑइलची जात वेगळी. पॉवर स्टेअरिंगमधल्या रबरी सीलांना ते सोसत नाही. आणि स्टेअरिंगचं तेल ब्रेकमध्ये घातलं तर तिथली रबरं फुगून बसतात. कुठलं तेल घालायचं ते बहुतेक डबीच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. कुठल्या गाडीला ऑटोमॅटिक गिअरचं लाल तेल, म्हणजे एटीएफ, चालतं, तर कुठल्या गाडीला तिचं खास वेगळंच लागतं. आमच्या झाकणावर एटीएफ होतं. मी लाल तेलाची बाटली घेऊन विजयी मुद्रेनं घरी आलो.

डबीवर दोन खुणा असतात, एक 'कोल्ड'ची, एक 'हॉट'ची. गार तेल गारच्या खुणेपर्यंतच घालायचं, कारण तापलं की ते फुगतं. पण पाहुण्याच्या वाटीत तांबडा रस्सा वाढताना हात आखडता घ्यायचा नाही, असे आमच्यावर संस्कार. मी काठोकाठ भरलं. दुसऱ्या दिवशी शाहूपुरीपर्यंत जाऊन येईतो तेल तापून उतू गेलं, ओघळून पट्ट्यावर पडलं आणि पट्टा घसरून किंचाळायला लागला. म्हणजे आधी नुसती म्हैस होती, आता जोडीला कुत्र्याचं पिल्लूही आलं.

पाटबंधारेवाले साहेब म्हणाले, "बघा, गळती!" त्यांना खोटं पाडण्यासाठी मी इंजिन पुसून काढलं आणि रात्री गाडीखाली वर्तमानपत्र पसरलं. ही युक्ती खरोखर चांगली आहे. सकाळी कागदावरचा डाग वाचायचा. काळा-तपकिरी असेल तर इंजिनाचं तेल, हिरवट पाणी असेल तर बहुधा रेडिएटरचं, नुसतं स्वच्छ पाणी असेल तर एसीचं, त्याची काळजी नको. लालसर तेलकट डाग असेल तर स्टेअरिंगकडं संशयानं बघायचं. तीन दिवस सकाळी सगळी बैठक वाकून वर्तमानपत्र बघत होती. इतक्या लक्षपूर्वक तो अंक संपादकानंही वाचला नसेल. कागद कोरडा ठणठणीत. गळती नाही, डबीत तेल भरपूर, आणि म्हैस चालूच. साहेब दुखावले. म्हणाले, "गळती नाही हे शक्यच नाही."

मग मी शिवाजी उद्यमनगरात गेलो. या भागात ओतकामाच्या भट्ट्या आणि लेथ इतक्या दाटीनं आहेत की माणूस सोडून काहीही बनवून मिळतं. तिथल्या एका बोळात साठीचे एक मिस्त्री आहेत. चष्म्याच्या दोन्ही काड्यांना दोरा बांधलेला, हातात पाना नाही, पानाचा डबा. त्यांनी विचारलं, "काय त्रास हाय?" मी खिशात हात घातला तर होमिओपॅथचा कागद हाताला लागला. तोच दिला. मिस्त्रींनी तो दोनदा वाचला.

"ह्यो डागदर कुठला वो? लई मुद्द्याचं लिवलंय." मग एकेका ओळीवर बोट ठेवत म्हणाले, "दोन्हीकडं सारखंच. म्हंजे रॅक न्हाई. रॅकचा व्हॉल गेला तर बहुतेक येकीकडंच जड लागतंय. इंजनाबरूबर आवाज चढतोय, म्हंजे पंपाकडचं हाय. आन् ही चीं चीं? ती तर पट्ट्याची. पट्ट्यावर तेल सांडलंय. कुणी सांडलं?" मी आभाळाकडं बघितलं.

त्यानंतर मिस्त्रींनी जी तपासणी केली ती कुठल्याही सिस्टिममध्ये येत नाही. त्यांनी पुढच्या टायरला लाथ मारली. "हवा कवा बघितली?" मला आठवेना. पोरानं गेज लावला. हवी होती बत्तीस पौंड. एका टायरात एकोणीस, दुसऱ्यात वीस. "जडपणा निम्मा हितंच हाय," मिस्त्री म्हणाले. "टायर बसलाय भुईला चिकटून. पॉवर काय करंल?" त्यांनी डबीचं झाकण उघडलं आणि मला वाकायला सांगितलं. तेलावर फेस होता. गंगावेशीच्या कट्ट्यावर दुधाच्या पेल्यावर येतो तसा, फक्त गुलाबी. "ही दुसरी हवा. तेलात. हिच्यामुळं वरडतोय पंप."

तेल दाबलं तर दबत नाही, जोर पुढं पोचवतं. हवा दबते, आणि जोर तिथंच जिरतो. पंपाच्या पात्यांना तेलाऐवजी बुडबुडे मिळाले की पंप हंबरतो. पण तेल कुठून गळत नसताना हवा आत येते कुठून? हेच तर मला उमगत नव्हतं. मिस्त्रींनी डबीपासून पंपाकडं जाणारी आखूड नळी चिमटीत धरून वाकवली. तोंडाशी केसाएवढी चीर. रबर सोळा वर्षांत कडक होऊन भेगाळलं होतं. "शहाळं पिताना नळी चिरलेली असंल तर काय हुतंय? पाणी सांडत न्हाई. तोंडात नुसती हवा येत्या. हितं पंप वडतोय, त्यो हितनंच हवा वडतोय. भायेर थेंब येतोय तो धुळीतच मुरतोय. तुमच्या पेपरावर कशाला पडंल?"

कोल्हापुरात 'हवा' या शब्दाला फार वजन आहे. पैलवानाची हवा असते, नगरसेवकाची हवा असते, नवी गाडी घेतली की "भावाची हवा हाय" म्हणतात. मिस्त्रींच्या बोळात उभं राहून मला कळलं की गेला महिनाभर माझी अवस्था त्या नळीसारखीच होती. तेल जागच्या जागी, पण कुठल्या तरी बारीक चिरेतून वस्तादांची हवा, बँकवाल्यांची हवा, टायवाल्या मुलाची हवा आत ओढत होतो आणि हंबरत होतो.

नवी नळी बसली, दोन नव्या क्लिपा आवळल्या, पट्टा बदलला. मग हवा काढायचा कार्यक्रम. पुढची चाकं जॅकवर उचलली, इंजिन बंद, डबी उघडी. मिस्त्री डबीवर वाकलेले आणि मी स्टेअरिंगवर. "डावीकडं... सावकाश... आता उजवीकडं... घाई नगं." घाण्याच्या बैलासारखा मी वीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरलो. डबीत बुडबुडे वर येत होते, पातळी उतरत होती, आणि पोरगा थोडं थोडं तेल घालत होता. बुडबुडे थांबल्यावर इंजिन चालू करून पुन्हा तेच. पहिल्या फेरीला थोडं हंबरणं, दुसरीला कण्हणं, तिसरीला काही नाही. जाताना मिस्त्रींनी सांगितलं, "पार्किंग करताना पुरतं वळवून दाबून धरू नगा. शेवटाला टेकलं की जरा सैल सोडा. तितं समदा दाब कोंडतोय, तेल तापतंय, पंप मरतोय." महाद्वार रोडला जागा मिळवण्यासाठी मी सोळा वर्षं नेमकं हेच करत आलो होतो.

त्याच संध्याकाळी मुद्दाम गंगावेशीला गेलो आणि कट्ट्यासमोर गाडी फिरवली. म्हशीनं मानही वर केली नाही. गवळ्यानं कान देऊन ऐकलं आणि समाधानानं म्हणाला, "गप झाली? मग गाभण ऱ्हायली म्हणायची."

एक काम राहिलं होतं. डबीतलं जुनं तेल काळपट झालं होतं, जळका वास मारत होतं. नवं तेल रश्श्याच्या तवंगासारखं लालभडक दिसतं. ते जुनं तेल करपलेल्या फोडणीच्या रंगाचं. मिस्त्री म्हणाले होते, मोठी सिरिंज आणा, डबीतलं तेल ओढून काढा, नवं घाला, चार दिवस गाडी फिरवा, पुन्हा काढा, पुन्हा घाला. तीनचार फेऱ्यांत बरंचसं तेल बदलतं. मी मेडिकलमध्ये गेलो.

"मोठ्यात मोठी सिरिंज द्या."

"पेशंट केवढा आहे?"

"सोळा वर्षांचा."

"तोंडातून द्यायचंय का?"

"तोंडातून काढायचंय. मग तोंडातूनच घालायचंय. लाल."

त्यानं सिरिंज दिली, पैसे घेतले आणि मी दुकानाबाहेर पडेपर्यंत फोन हातात धरून उभा राहिला.

परवा पुण्याहून भाचा आला, नवी गाडी घेऊन. मी बॉनेट उघडून डबी शोधायला लागलो तर हसला. "मामा, यात तेलच नाही. इलेक्ट्रिक आहे. मोटर वळवते." बरोबरच आहे. असं विजेवरचं स्टेअरिंग १९८८ साली सुझुकीनं जपानमध्ये सर्व्हो नावाच्या चिमुकल्या गाडीत आणलं, आणि आता बहुतेक नव्या गाड्यांत तेच असतं. पंप नाही, नळ्या नाहीत, गळती नाही. पाटबंधारेवाल्या साहेबांना ही गाडी दाखवायचं धाडस मला झालं नाही. भाचा पुढं म्हणाला, "फक्त हल्ली जरा जड लागतंय. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात मोटर बदलावी लागेल." मी काही बोललो नाही. पुढच्या टायरला लाथ मारली. पेट्रोल पंपावर नेऊन मोजली तर हवा भरली बावीस पौंड.

तेव्हा वाचकहो, महिन्यातून एकदा डबी बघा आणि टायर मोजा. आणि निदान करायचं तर स्वस्ताकडून महागाकडं जा, महागाकडून स्वस्ताकडं येणारा वाटेतच लुटला जातो. आमचा हिशेब असा: नळी १८० रुपये, दोन क्लिपा ४०, पट्टा ४५०, तेल ३५०, मजुरी ४००. टायरमधली हवा पेट्रोल पंपावर फुकट मिळाली. ती आधीपासूनच फुकट होती.